पेपर पोराचा, तोंडी मायची

मुलांनो,

परवा ईरा या आजीजवळ फोनवर रडली. तिच्या शाळेत कादंबरीवर परीक्षा झाली आणि पुस्तक दोनदा वाचूनही तिला कमी गुण पडले. तेव्हापासून टेंभुर्णे गुरुजी माझ्या मनातून हलायला तयार नाहीत. त्यांच्याबद्दल तुम्हाला कधी सांगितले नाही, कारण त्यात माझी थोडी नाचक्की आहे.

गुरुजी मुलांचे पेपर मुलांच्या घरी जाऊन तपासत. हे वाक्य चुकून लिहिलेले नाही. ऐंशीच्या दशकात एटापल्लीकडच्या एका शाळेत मी मुख्याध्यापिका होते आणि ते सातवीला मराठी शिकवत. मी नागपूरला इंग्रजी शिकून आलेली. माझे कपाट, रजिस्टर, घंटा, सगळे जागच्या जागी. पहिल्याच परीक्षेनंतर पाहते तो गुरुजी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधत होते.

"गुरुजी, हे शाळेबाहेर कुठे?"

"तोंडी घ्याची आहे, बाई."

"मुले तर इथेच आहेत."

"पोराइची नाई जी, मायची. पेपर पोराचा, तोंडी मायची."

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. झाली नव्हती. सातवीला नेमलेली कादंबरी समजली की नाही, हे मुलाला विचारून कळत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. मूल पाठ करून सांगते. पण त्याने ती घरी सांगितली असेल आणि आईला पुढे काय झाले ते ठाऊक असेल, तर समजली. गुणपत्रकात त्यांनी पट्टीने 'मायचे' असा रकाना आखला होता. मी तो दोनदा खोडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो जरा जाड आखला.

आई सांगत असताना शेजारची मावशी मध्ये बोलली, तर गुरुजी तिला "कॉपी नाई करू द्याची, बाई" म्हणून गप्प करत. एकदा उतरल्या चेहऱ्याने माझ्याकडे आले. "लालसूची माय म्हनते, पुस्तकातला पोरगा बिनकामाचा आहे. मी त्याले तीन वर्सं झाले, चांगला समजून राह्यलो." दोन दिवस त्यांचे जेवणात लक्ष नव्हते.

मग एका एप्रिलमध्ये सातवीतल्या रुकमीचे प्रकरण झाले. तिला चंद्रपूरच्या वसतिगृहात जागा मिळणार होती, पण मराठीत पन्नास गुण हवे होते. नाहीतर लग्न, बापाने सोयरीक पाहून ठेवली होती. गुरुजींनी बावन्न दिले. शेवटची तपासणी माझी.

कादंबरीतला तरुण आईला सोडून शहरात जातो आणि परत येत नाही. प्रश्न होता, त्याने घर का सोडले? पुस्तकात वाक्यच होते: 'त्याला शहराचा मोह पडला.' रुकमीने लिहिले होते: 'शहरात मोह पडला म्हणून तो टोपली घेऊन वेचायला गेला.'

मोह, म्हणजे मोहाच्या झाडाची फुले. गुरुजींनी चारपैकी चार दिले होते. मला धक्काच बसला. मी चार खोडून शून्य लिहिले. अठ्ठेचाळीस.

गुरुजी चिडले नाहीत. "चला बाई, तोंडीले."

मी गेले, ते त्यांना खोटे पाडायला. रुकमीची आई अंगणात वाळत घातलेली मोहफुले हाताने परतत होती. मी उभ्या उभ्याच विचारले, "त्या मुलाने घर का सोडले?"

"मोह पडला ना जी तिकडे. मोह पडला का कोन घरी बसते?"

मी गुरुजींकडे पाहिले. माझे जिंकून झाले होते.

"मंग वापस काऊन नाई आला?" गुरुजींनी तिला विचारले.

तिचा हात थांबला. "आमचा मोह पंधरा-वीस दिवस पडते, मंग सरते. मानूस घरी येते. त्याचा शहरातला सरलाच नाई. रोज पडते, रोज वेचते. टोपली भरतच नाई त्याची. माय तिकडे वाट पाहून राह्यली असन." मग हळूच म्हणाली, "रुकमी बी तशीच करन का जी?"

"येईन जी ती," गुरुजी म्हणाले. "इथी मोह पडला का येईन."

मी खाली बसले. गुरुजी रजेवर असताना वर्गात ती कादंबरी मी दोनदा समजावली होती. इतकी नीट नाही. आणि दर एप्रिलच्या हजेरीत 'गैरहजर, मोह पडला' या शेऱ्याखाली माझीच सही असे.

परतताना विचारले, "गुरुजी, आयांनाच का विचारता?"

ते सायकल हातात धरून चालत होते. घरी त्यांचे कोणी नव्हते, एवढेच मला माहीत होते.

"माही माय आमच्या गावी, कोरपन्याले, दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचे. मी इतके पुस्तकं वाचलो, तिले एक गोष्ट सांगतलो नाई. वाटे, तिले काय समजते. ती विचारे बी, 'काय लिवलं आहे रे?' मी म्हनो, काई नाई." मग म्हणाले, "ती मेली, बाई. माही तोंडी राहूनच गेली."

रुकमी चंद्रपूरला गेली आणि दर उन्हाळ्यात घरी आली. गुरुजी आता नाहीत. जुन्या उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे जाळल्या. एक मी जाळली नाही. ती माझ्या कपाटात आहे. तिच्यावर शून्य आहे, शून्यावर काट आहे, शेजारी चार आहेत आणि खाली माझी सही.