साखरसाल

मिरजेला मधुकररावांची बायपास झाली आणि सांगलीतल्या त्यांच्या घरात मोसंब्यांचा पूर आला. भेटायला येणारा प्रत्येक जण पिशवी टेबलावर ठेवायचा, "काळजी घ्या" म्हणायचा आणि आपल्या ओळखीतल्या कुणाची बायपास कशी बिघडली याची हकिगत सांगून जायचा. मधुकररावांना मधुमेह. त्यांना फोडी मोजून मिळत. बाकीची मोसंबी त्यांची पत्नी गोदावरी आणि मुलगी अपूर्वा संपवत, आणि ओट्यावर सालींचा ढीग उरे.

अपूर्वा वडिलांच्या आजारपणासाठी पुण्याहून आली आहे, असं सगळ्यांना सांगितलं होतं. ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. आता होळी जवळ आली होती, मधुकरराव सकाळी कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत चालून यायला लागले होते, आणि अपूर्वा अजून परत गेली नव्हती. जावई धवल ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात तोंड दाखवून गेला. पुढे त्याचा फोनही आला नाही. पण या विषयावर घरात कुणी तोंड उघडत नव्हतं. "त्यांच्या मनाला त्रास होईल असं काही बोलू नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि मधुकररावांच्या मनाला त्रास होणार नाही असं बोलायचं म्हटलं, तर हवापाण्याच्या पुढे फारसं जाता येत नसे.

एका दुपारी अपूर्वाने मोबाईलवर सालींचा गोड खाऊ करायची कृती पाहिली. साली उकळायच्या, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायच्या. असं दोनतीनदा झालं की कडवटपणा जातो. मग साखरेच्या पाकात शिजवायच्या, वाळवायच्या आणि पिठीसाखरेत घोळवायच्या. पहिलं पाणी ती मोरीत ओतणार, एवढ्यात मधुकरराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"काय ओततेयस?"

"पहिलं पाणी, बाबा. कडू असतं."

"अगं, सगळं सत्त्व त्यातच उतरलेलं असतं. मग सालीत राहिलं काय? चोथा. पाणी फेकायचं नाही."

"पण व्हिडिओत सांगितलंय की—"

"व्हिडिओ करणाऱ्यानं आटपाडीचा उन्हाळा बघितलाय का कधी?"

मधुकररावांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली होती. पाणी वाया जाताना दिसलं की त्यांचा हात आपोआप कालव्यावरच्या शिट्टीसाठी खिशाकडे जायचा. पूर्वीची अपूर्वा असती तर या मुद्द्यावर तासभर भांडली असती. हल्ली ती कुणाशीच भांडत नव्हती. "बरं," म्हणून तिने साली त्याच पाण्यात ठेवल्या, त्याच पाण्यात साखर घातली आणि सगळं आटवलं.

साली दिसायला फार सुरेख झाल्या. पिवळ्याधमक, पारदर्शक, वर साखरेचं दव. गोदावरीबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. पहिल्यांदा साखर लागली. मग साखर विरघळली. मग जे आलं त्यामुळे त्यांना बेसिनकडे धाव घ्यावी लागली.

"कशी झालीय?" बाहेरून मधुकररावांनी विचारलं.

अपूर्वाने आईकडे पाहिलं. आईने तोंड पुसलं आणि ती म्हणाली, "छान."

मधुकररावांना साखर वर्ज्य असल्यामुळे ते स्वतः चव घेऊ शकत नव्हते. पण पदार्थाला त्यांनी तिथल्या तिथे नाव दिलं, साखरसाल. आणि दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढे बशी ठेवायला सुरुवात केली.

पहिला सापडला तानाजी. तो शिराळ्याचा. मधुकररावांच्या हाताखाली कालव्यावर होता, आणि निवृत्त होऊनही त्यांच्यापुढे खुर्चीच्या कडेवरच बसायचा. त्याने तुकडा तोंडात टाकला, हसला आणि मग हसणं चेहऱ्यावर तसंच ठेवून चहाचा कप एका दमात रिकामा केला.

"कसं काय?"

"लय भारी झालंय, सायेब."

"आणखी घे."

"नगं. पोरांस्नी नेतो की."

ही तानाजीची चूक झाली. त्याला बरणी भरून मिळाली. आठवड्याने मधुकररावांनी फोन करून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "पोरांनी बरणी चाटूनपुसून खाल्ली." मग दुसरी बरणी गेली. तिसऱ्या वेळी तानाजीने शहाणपणा करून सांगितलं की आमच्या घरात आता सगळ्यांचे दात दुखत्यात. मधुकरराव म्हणाले, "मग शिराळ्याला पाव्हण्यांना दे," आणि त्याला दोन बरण्या दिल्या.

हेच सगळ्यांच्या बाबतीत झालं. बायपास झालेल्या माणसाला तोंडावर कडू म्हणायची कुणाची छाती होईना. जो जितकं कौतुक करी, त्याच्या वाट्याला तितकं जास्त येई. घरातली मोसंबी पुरेनाशी झाली, तेव्हा मधुकररावांनी कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून साली आणायला सुरुवात केली. बरण्यांवर चिठ्ठ्या आल्या. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'अपूर्वा साखरसाल, सांगली' असं छापलेलं होतं.

"हे कशाला?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"तिचा वेळ जाईल," मधुकरराव म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी पुढे सांगितलं, "आपलं स्वतःचं काहीतरी असावं माणसाला."

या विषयावर त्या घरात तोवर झालेलं हे सगळ्यात लांबलचक बोलणं होतं. त्यानंतर गोदावरीबाईंना साली कडू आहेत हे सांगणं अशक्यच झालं. दोघी मायलेकी रोज पातेली चढवत राहिल्या.

या कौतुकाच्या भरात मधुकररावांनी एक बरणी वाईला धाडली. वाईला त्यांचे थोरले भाऊ राहत. अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, आणि खरं बोलताना ते आवाज खाली आणत नसत. अपूर्वाचं लग्न ठरलं तेव्हा साखरपुड्याच्या मांडवात, पेढा हातात धरून ते म्हणाले होते, "मधु, मुलगा मला बरा वाटत नाही. स्वतःच्या आईशी कसा बोलतोय बघ." त्या दिवसापासून मधुकररावांनी भावाशी बोलणं टाकलं होतं. ऑपरेशनचं कळून अण्णांनी दोनदा फोन केला, तोही त्यांनी उचलला नाही. बरणी पाठवण्यामागे समेटाचा विचार फारसा नव्हता. मुलीचं कसं छान चाललंय, हे अण्णांना कळावं एवढाच हेतू होता.

फोन तिसऱ्या दिवशी आला. या वेळी मधुकररावांनी तो उचलला.

"मधु, तब्येत कशी आहे?"

"उत्तम. साखरसाल मिळाली?"

"मिळाली. कडूजहर आहे रे. पाणी काढलं नव्हतं का?"

"अख्ख्या सांगलीला आवडली ती."

"सांगलीचं मला माहीत नाही. मी थुंकली."

"तुझं तोंडच कडू आहे, अण्णा. पहिल्यापासून. इथे ये आणि चार माणसांसमोर खाऊन दाखव."

मधुकररावांना वाटलं, विषय संपला. पण अण्णांनी ते आमंत्रण समजलं. रविवारी सकाळच्या एसटीने ते छत्री आणि पिशवी घेऊन दारात हजर झाले. मधुकररावांनी तातडीने तानाजीला बोलावून घेतलं. कोचावर अण्णा, समोर मधुकरराव, मध्ये खुर्चीच्या कडेवर तानाजी आणि टीपॉयवर ताजी बशी. अपूर्वा आत चहा करत होती.

"तानाजी, खा आणि सांग."

तानाजीने देवाचं नाव घेतल्यासारखे डोळे मिटले आणि तुकडा तोंडात टाकला. "लय भारी," तो म्हणाला.

"डोळ्यांत पाणी का आलं, तानाजीराव?" अण्णांनी विचारलं.

"आवं, कौतुकाचं हाय ते."

"मधु, तू खाल्लीस का कधी?"

"मला साखर चालत नाही."

"एका तुकड्यानं काय होतंय?"

गोदावरीबाई "नको, नको" म्हणत दारापर्यंत आल्या. त्यांची काळजी साखरेची नव्हती. पण मधुकररावांनी आव्हानाच्या थाटात एक मोठा तुकडा उचलून तोंडात घातला होता. साखर लागली. ते विजयाने अण्णांकडे बघून हसले. मग साखर विरघळली.

हसू तसंच ठेवायला किती कष्ट पडतात, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी तानाजीकडे पाहिलं. तानाजी चपलांकडे बघत होता. त्यांनी गोदावरीबाईंकडे पाहिलं. त्या पदराच्या टोकाशी काहीतरी करत होत्या. तेवढ्यात अपूर्वा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि अण्णांच्या पाया पडली.

"तू कधी आलीस गं?" अण्णांनी विचारलं.

"बाबांच्या ऑपरेशनला, काका."

"ते तर दिवाळीनंतर झालं ना? धवल आलाय का?"

अपूर्वाने कपांचे कान एका बाजूला वळवले. गोदावरीबाईंनी खोकल्यासारखं केलं. मधुकरराव तोंडातला घास तसाच धरून बसले होते. गिळवत नव्हता आणि थुंकवत नव्हता. आता अण्णा बोलणार, हे त्यांना ठाऊक होतं. 'मी तेव्हाच सांगितलं होतं.' तेवढंच वाक्य, चढ्या आवाजात.

अण्णांनी भावाकडे पाहिलं, पुतणीकडे पाहिलं, बरणीवरच्या तिच्या नावाकडे पाहिलं. मग हात पुढे करून बशीतला एक तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि शेवटपर्यंत सावकाश चावला.

"तू केलीस?"

"हो."

"गोड झालीय," अण्णा म्हणाले, आणि दुसरा तुकडा उचलला.

मधुकररावांनी घास कसाबसा गिळला. आयुष्यभर ज्या माणसाच्या खरं बोलण्याचा त्यांना राग आला होता, त्याचं हे पहिलंच खोटं त्यांना सोसेना.

"कडू आहे, अण्णा," ते म्हणाले.

"गोड आहे."

"कडू आहे म्हणतोय ना मी. जहर आहे. तू फोनवर बोललास ते खरं होतं. तेव्हाचंही खरं होतं."

"तेव्हाचं काही मला आठवत नाही. साल गोड आहे."

"कशाला खोटं बोलतोस? तुला येत नाही ते."

"थोरला मी आहे. गोड म्हणतोय म्हणजे गोड."

दोघांचे आवाज चढले. अण्णा हट्टाने तिसरा तुकडा चावत होते आणि मधुकरराव त्यांच्या हातातून बशी ओढत होते. तानाजीने चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि "येतो सायेब" असं स्वतःशीच म्हणून तो फाटकाबाहेर पडला. त्या गदारोळात अपूर्वा ट्रे घेऊन आईजवळ आली.

"आई, मी परत जाणार नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली.

"माहितीय मला," गोदावरीबाई म्हणाल्या. "चहा गार होतोय. त्यांना दे आधी."