रेवाची घंटागाडी

रेवा दोन वर्षांची होत आली तरी बोलेना. हसायची, बोट दाखवायची, शेजारच्या मांजरीवर डोळे वटारायची, पण सगळं मुक्यानं. लासूर स्टेशनहून तिच्या बापाची, वैजनाथची आई मनकर्णाबाई रोज फोन करायची. "बोलली का रे पोरगी?" वैजनाथ रोज "बोलंल की" म्हणायचा आणि घाईनं फोन ठेवायचा.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "कान ठणठणीत आहेत. घरात गाणी म्हणा, तिच्यासोबत टाळ्या वाजवा. तीच चाल पुन्हा पुन्हा कानावर पडली, की त्या ठेक्यावर मुलं शब्द पकडतात." यातलं 'म्हणा' वैजनाथनं सोडून दिलं. वाळूजच्या कारखान्यातला माणूस. कुठलंही काम आलं की आधी मशीन आणायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं भलामोठा स्पीकर आणला.

सतार लावली, रेवा झोपली. बासरी लावली, तर तिनं तोंडातला वरणभात काढून स्पीकरला भरवला. पण सकाळी पडेगावच्या त्यांच्या कॉलनीत कचऱ्याची घंटागाडी गाणं वाजवत आली, की ही बया हातातलं टाकून दारात धावायची. कंबर हलवायची, टाळ्या पिटायची आणि ओठांची काहीतरी जुळवाजुळव करायची.

"हेच गाणं पायजे तिला," वैजनाथ म्हणाला. त्यानं ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि संध्याकाळी जेवण भरवताना स्पीकरवर लावलं.

रेवा नाचत नाचत अख्खी पोळी जेवली. बाहेर अख्खी कॉलनी ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादल्या घेऊन रस्त्यावर उभी होती. सगळ्यांच्या पुढं कॉलनीचे अध्यक्ष तात्यासाहेब.

"गाडी कुठंय?"

"आत्ताच तर वाजली."

"पळाली वाटतं."

वैजनाथनं हळूच खिडकी लावली.

"सांगून टाका त्यांना," त्याची बायको अनसूया म्हणाली.

"सांगतो ना. पोरगी एकदा बोलू दे."

दुसऱ्या दिवशी त्यानं आवाज कमी ठेवला, तर रेवानं तोंडच उघडलं नाही. आवाज वाढवला. लोक पुन्हा धावले. शेजारच्या आवडाबाई तर कणकेच्या हातांनीच बादली घेऊन आल्या. असं रोज होऊ लागल्यावर लोक चिडले आणि गाणं वाजलं तरी जागचे हलेनासे झाले. त्यामुळं सकाळची खरी गाडी रिकामीच परत जाऊ लागली. दारोदार कचरा साचला. कुत्र्यांची दिवाळी झाली आणि सगळा राग गाडीचा ड्रायव्हर बन्सी याच्यावर निघाला.

रविवारी सकाळी तात्यासाहेबांनी गाडी अडवली. कॉलनी जमली. वैजनाथ रेवाला कडेवर घेऊन मागं लपला होता.

"रोज संध्याकाळी गाणं वाजवून पळून जातोस व्हय रे?"

"संध्याकाळी गाडी डेपोत असती, तात्या. लेकराची आन."

"मग भुतं वाजवायलीत का? उद्यापास्नं तू नाय पायजे हितं. दुसरा ड्रायव्हर मागवतो."

बन्सीचा चेहरा उतरला. वैजनाथला स्वतःची लाज वाटली. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. अनसूयेनं चिमटा काढला, तरी शब्द फुटेना. बापलेकीची आता सारखीच गत झाली होती.

"वाजव बरं ते गाणं. संध्याकाळी वाजतं ते हेच का नाय, समद्याला ऐकू दे," तात्यासाहेब म्हणाले.

बन्सीनं वाजवलं आणि बंद केलं. रेवाचं मन काही भरलं नाही. तिनं वैजनाथच्या खिशातून मोबाइल ओढला, त्याच्या नाकासमोर धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पप्पा, गाडी लाव."

"बोलली! अनसूया, बोलली आपली रेवा." वैजनाथच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं पोरीचे मुके घेतले. मग त्याला दिसलं, की सगळे त्याच्या मोबाइलकडं बघताहेत.

"बोलली खरी," तात्यासाहेब म्हणाले, "आन् लई खरं बोलली."

वैजनाथनं बन्सीचे हात धरून माफी मागितली. दारोदारचा कचरा त्यानंच गाडीत भरला. स्पीकर तात्यासाहेबांनी जप्त केला.

आता डॉक्टरीणबाईंचंच ऐकणं भाग होतं. संध्याकाळी वैजनाथनं टाळ्या वाजवत घंटागाडीचं गाणं स्वतःच्या भसाड्या गळ्यातून काढलं. रेवा खूश झाली. दुसरं कडवं सुरू होतं तोच दार वाजलं. दारात तात्यासाहेब उभे होते. हातात बादली नव्हती, स्पीकर होता.

"हे घ्या, वैजनाथराव," ते म्हणाले. "गाडीच परवडली."