ओळ संपते तिथले पुरसोभाऊ

पुरसोभाऊ लग्नपत्रिका वाचत नाहीत, तिच्यातल्या मोकळ्या जागा मोजतात. परवा आमच्याकडच्या पत्रिकेवर त्यांनी बोट ठेवलं. "हंय दोन स्पेस पडले आसत." नवरामुलगा कोण, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.

डिचोलीच्या एका कॉलेजात ते संगणकाच्या प्रयोगशाळेत होते. तिथे शिकलेली सी भाषा त्यांनी लाटंबार्शे गावाच्या कामाला लावली. आमच्या पोफळींना पाटाचं पाणी पाळीपाळीनं मिळतं, आणि कुणाची पाळी कधी, ही यादी पुरसोभाऊंचा प्रोग्राम काढतो. मी पाणी समितीचा सेक्रेटरी, म्हणजे शिव्या खाणारा.

यंदा ऐन चैत्रात त्यांचा विंडोजवाला संगणक बंद पडला. नावांची फाइल त्यांनी लिनक्सवाल्या दुसऱ्या संगणकावर नेली, प्रोग्राम चालवला, आणि पडद्यावर नावांना ग्रहण लागलं. वासुदेव गावस गेले, 'सोमवार गावस' आले. खुद्द वासुदेव ओसरीवर बसलेला. त्याची पोफळीची नवी रोपं माना टाकत होती.

"भाऊ, माझी पाळी फाल्या काय परवा?" तो पुन्हापुन्हा विचारत होता. यादीशिवाय पाट सोडला तर कुदळी निघतात, हा गावचा अनुभव.

मी म्हटलं, मशीन बिघडलं.

"मशीन खोटां बोलणा नाय," पुरसोभाऊ म्हणाले, "आपणाक ऐकाक येणा नाय." हे ते दिवसातून दहादा म्हणतात.

मग त्यांनी फाइलीतलं एकेक अक्षर, संगणक त्याला ज्या आकड्याने ओळखतो त्यासकट, पडद्यावर काढलं. दर ओळीच्या शेवटी, काहीच नाही अशा जागी, तेरा. टाइपरायटरवर ओळ संपली की गाडा मागे ढकलायचा आणि कागद वर सरकवायचा, अशी दोन कामं असत. एंटर मारला की विंडोज त्यांच्या दोन खुणा ठेवतो, लिनक्सला एक पुरते. उरलेली तेरा नंबरची खूण गाडा मागे नेत होती आणि वार नावावर जाऊन बसत होता. न दिसणारी वस्तू नुसत्या आकड्यावरून पकडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी खरंच हात जोडले.

मग मला शहाणपण सुचलं. "फायलीतले सगळे तेरा उडवन टाकया. एका कमांडीचां काम." कमांड मला येत होती. मी लिहिलीसुद्धा. एंटर दाबणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं, दुखेल इतकं.

"फायलीक हात लावू नको."

माझी कमांड त्यांनी खोडली आणि प्रोग्रामातच एक ओळ वाढवली: वाचताना तेरा भेटला तर त्याला सोडून पुढे जायचं. वासुदेव गावस, सोमवार, सकाळी सहा. वासुदेव यादी घेऊन जवळजवळ पळतच गेला.

"पण फायल साफ कित्याक करूची नाय?" मी विचारलं. मनगट चोळत होतो, थोडा रागही होता.

"ती तुझ्या वैनीन टायप केलेली." वैनींना जाऊन नऊ वर्षं झाली.

"तिच्यातली नावां तर तुम्हीच बदलत इलात."

"होय. माणसां गेली तशी नावां बदलली." ते पडद्याकडेच बघत होते. "दिसणारां तिचां कायच रवूक नाय. दर ओळीक तिनां एंटर मारलेलो, तेवढोच रवलोहा."