डेन्मार्कची हेल्गा आणि माझी पँट

एकोणनव्वद साली मी एका सभेत हात वर केला, तिथून सगळं सुरू झालं. मानपाड्याच्या बालवाडीत बिनपगारी शिकवायला डेन्मार्कहून हेल्गा नावाची मुलगी येणार होती आणि तिला कुणीतरी आपल्या घरात ठेवून घ्यायचं होतं. (हात मी खरं तर पंखा जरा कमी करा म्हणून वर केलेला. पण टाळ्या वाजल्यावर माणूस काय बोलणार.)

बालवाडी चालवणाऱ्या मालनताई घर बघायला आल्या. आमच्या दोनच खोल्या, त्यातली आतली हेल्गाला ठरली.

"पाहुणी असली तरी अंतर ठेवायचं," त्या नेमकं माझ्याकडे बघत म्हणाल्या. "टकटक केल्याशिवाय तिच्या खोलीत जायचं नाही. खासगी प्रश्न विचारायचे नाहीत. तक्रार आली तर मुलीला दुसरीकडे हलवू."

हे सगळं मी घरात बजावून सांगितलं. बायको, कलावती, बरं म्हणाली. आई चेंदणी कोळीवाड्यात वाढलेली. तिने पहिल्याच संध्याकाळी हेल्गाला वय, बापाचा धंदा आणि लग्न का नाय केला, सगळं विचारून घेतलं आणि शेजारी बसवून बोंबील साफ करायला शिकवलं. हेल्गा खूश. महिन्याभरात ती थेट आईसारखं मराठी बोलायला लागली. घरात नियम पाळणारा मी एकटाच उरलो.

बालवाडीच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून टॉवेलवर बाहेर आलो. पँट आतल्या खोलीतल्या कपाटात आणि दार बंद. मी टकटक केली.

"थांब रं," आतून हेल्गा म्हणाली.

चहा गार होईपर्यंत थांबून मी पुन्हा टकटक केली.

"सांगितला ना, थांब."

तेवढ्यात तिला न्यायला आलेल्या मालनताई उंबऱ्यात उभ्या. त्यांनी मला पाहिलं, टॉवेल पाहिला, बंद दार पाहिलं.

"आत कोण आहे?"

"हेल्गा. कपडे बदलतेय."

"आणि तुम्ही?"

"माझी पँट आत आहे." (खरं बोलून माणूस इतका गोत्यात येतो, हे मला तेव्हा कळलं.)

मालनताई खुर्चीत बसल्या. मी टॉवेलची गाठ घट्ट केली. हेल्गा जाणार, आणि वर मानपाड्यात मला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

मग दार उघडलं. आईचं हिरवं लुगडं कोळणीसारखं नेसलेली हेल्गा बाहेर आली. तिच्यामागे तोंडात सेफ्टी पिना धरलेली कलावती, आणि शेवटी पदर सारखा करत आई. मालनताईंचा चेहरा निवळला. मी पँट गाठायला आत धावलो.

बाहेर मालनताई रीतसर चौकशी करत होत्या. "हेल्गा, इथे काही त्रास असेल तर सांग. घर बदलून देऊ."

हेल्गा म्हणाली, "घर बेस हाय. आई बेस, वयनी बेस. यो एकटा सारखा दार वाजवतो. याला बदला."

मालनताई हसल्या. आई तर खोकेपर्यंत हसली. कलावतीचा आवाज येईना म्हणून मी दारातून डोकावून पाहिलं.

ती विचार करत होती.