रशियातला होडीवाला आणि आमचे हिराजीदादा

हिराजीदादा पडद्याशी भांडत. सिनेमा बघताना बडबडणारे पुष्कळ असतात, पण दादा उठून उभे राहत आणि नटाला वल्हं मारायला शिकवत. "अरे, पानी कापतोस का डाल ढवलतोस?"

वाशीगावात त्यांच्या घराची मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. मी नव्या सेक्टरातल्या शाळेत मास्तर. दादांची होडी पूर्वी खाडीपलीकडे माणसं पोचवायची. खाडीवर पूल झाला, होडी किनाऱ्याला लागली आणि दादा तुर्भ्याच्या एका कारखान्यात वॉचमन झाले. गेटमधून आत जाणाऱ्या साहेबांना ते भरतीची वेळ सांगत. कोणी विचारलेली नसे.

त्या काळी रशियन पुस्तकांची गाडी फिरायची. गुळगुळीत कागद, मराठी भाषांतर आणि मातीमोल किंमत. मी आणलेल्या पुस्तकात एका म्हाताऱ्या होडीवाल्याची जुनी, नावाजलेली गोष्ट निघाली. त्याच्याही नदीवर पूल होतो. दादांना वाचता येत नव्हतं, म्हणून ओटीवर बसून मी ती वाचून दाखवली. हातातली विडी विझली तरी त्यांना पत्ता नव्हता. शेवटच्या पानावर म्हातारा होडी भर नदीत नेतो आणि पाण्यात उडी घेतो. ते वाक्य वाचण्याआधी मी वर पाहिलं. दादांचा चेहरा बघून ते वाचवेना. मग मी सरळ ठोकून दिलं, "म्हातारा होडी वळवतो, घरी येतो आणि गरम पेज पितो. संपली गोष्ट."

"बेस हाय," दादा म्हणाले.

ती थाप मला चांगलीच भोवली. गणपतीत मैदानावर पांढरं कापड बांधून त्याच गोष्टीवरचा रशियन सिनेमा दाखवला. म्हातारा बुडाला मात्र, दादा प्रोजेक्टरसमोर जाऊन उभे! पडद्यावर त्यांचीच भलीमोठी सावली. "गोष्टीत असा नाय! म्हातारा घरी येतो! इचारा मास्तरला!" सगळा गाव माझ्याकडे वळला. मी मान डोलावली. घरमालकापुढे शहाणपण चालत नाही.

पुढे ती गोष्ट हिंदीत आली. तिथं पूलच कोसळला, होडीवाल्यानं हिरोइनला वाचवलं आणि अख्खं गाणं म्हणून तो मेला. दादांनी थेटरच्या मॅनेजरला गाठलं. "पूल पारलात, तरी मानूस मारलात?" मॅनेजर बिचारा हात जोडून आत पळाला.

मग घरात टीव्ही आला आणि त्यावर तीच गोष्ट नाटक होऊन आली. अक्षर न् अक्षर पुस्तकाबरहुकूम. म्हातारा बुडाला. दादांनी टीव्ही बंद केला आणि माझ्यापुढे कागद ठेवला. "लिवा मास्तर. टीव्हीवाल्यांना कलवा, शेवट चुकला."

आता मात्र माझा धीर सुटला. शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगणारा मी, आणि खोटी तक्रार सही-शिक्क्यानिशी करायची?

"दादा, त्यांचं बरोबर आहे. पुस्तकात म्हातारा बुडतोच. मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं."

"मना म्हाईत हाय," दादा शांतपणे म्हणाले. "दुसऱ्याच दिशी नातीकरून वाचून घेतला."

मी उडालोच. "मग इतकी वर्षं भांडलात कशाला?"

दादांनी विडी पेटवली. "पूल चालू झाला तवा मी बी होरी घेऊन गेलो होतो. भर खाडीत. परत यायचा नाय म्हनून. कोनाला सांगला नाय, म्हातारीला बी नाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पन आलो ना परत? दुसऱ्या दिशी पेज पिलो ना? मी मेलो नाय, मग त्यो कशाला मरल? त्या लिवनाऱ्याला होरीवाल्याचा काय म्हाईत! तुमी बरोबर वाचलात मास्तर. लिवा."

मी कागद पुढे ओढला. लिहिलं: आपल्या नाटकाचा शेवट चुकीचा आहे. म्हातारा जिवंत आहे.

"खाली तुमचं नाव लिहितो," मी म्हणालो. "आणि पुढे काय लिहू? वॉचमन?"

दादा ताठ बसले.

"होरीवाला लिवा."