गुरुपादप्पा सरांचा पासवर्ड

पासवर्ड कागदावर लिहायचा नाही, तोंडपाठ करायचा, एवढंच मी ठरवलं होतं. (मी काही ठरवलं की घरचे एकमेकांकडं बघतात. त्याला कारणं आहेत, पण ती इथं नकोत.)

मी रेणुकादास, लातुरात गुरुपादप्पा सरांच्या कोचिंग क्लासमध्ये कारकून. सर केमिस्ट्री शिकवतात, क्लासचे मालकही तेच. त्या वर्षी नवी पोरं आणि पुन्हा परीक्षेला बसणारे रिपीटर इतके वाढले की टेस्टचे पेपर पेनड्राइव्हवरून इकडून तिकडं नेणं सरांना धोक्याचं वाटायला लागलं. मग नांदेडहून एक इंजिनिअर आला. त्यानं वायरी ओढल्या आणि सरांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरातलं फोल्डर माझ्या टेबलावर उघडून दाखवलं. मध्ये भिंत, जिना, अख्खा एक मजला. मी वर जाऊन बघून आलो, तर फोल्डर तिथंही होतंच. परत येऊन खुर्चीत बसण्याआधी मी चपला काढल्या.

"ह्याला पासवर्ड आहे," इंजिनिअर म्हणाला. "कॉम्प्युटर विचारेल, लक्षात ठेवू का? नको म्हणायचं. लिहून चिकटवायचा नाही, कोणाला सांगायचा नाही. दरवेळी आपल्या हातानं टाकायचा."

पासवर्डही त्यानंच बनवला, सरांनी तो मला सांगितला. मोठी अक्षरं, बारकी अक्षरं, मध्ये आकडे, शेवटी एक चिन्ह. अर्थ शून्य. मी ती अक्षरं जोडून म्हणून बघितली: 'ह्रम सात, क्लम सात, स्वह हॅश.' जमलं. आता घोकायचं तेवढं राहिलं.

घोकायला आमच्या घरात एकच एकांताची जागा, न्हाणीघर. अंगावर तांब्या घेताना मी मोठ्यानं म्हणायचो, कपडे घालताना पुटपुटायचो. एक दिवस आईनं अडवलं. माझी आई चंद्रप्रभाबाई. भूकंपानंतर तिचा स्लॅबवर विश्वास राहिला नाही. ती कायम दाराजवळ झोपते आणि उशाशी टॉर्च आणि जपमाळ ठेवते.

"काय म्हणायलास रे सारखं?"

"कामाचं आहे." मी पायमोजा शोधत होतो.

"दिलं कोणी?"

"गुरुपादप्पांनी. कोणाला सांगायचं नाही म्हणालेत."

आईनं डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं, लेकाच्या नोकरीचं तिला कौतुक वाटलं.

मग आईचा गुडघा दुखायचा राहिला. आधी तिला खाली बसता येत नव्हतं. आता पाटावर बसून भाजी निवडायला लागली. "नवीन तेल लागू पडलं वाटतं," मी बायकोला म्हणालो. राजश्री म्हणाली, "तेल तर आणायचं तुम्ही विसरलात." मी विषय वाढवला नाही.

आमच्या मागच्या खोलीत केवळाबाई भाड्यानं राहायच्या. कंधारकडची शेती नवऱ्यावर सोडून, लेक दीपमालाला डॉक्टर करायला लातुरात स्वयंपाक करून राहिलेल्या. आमची सगळी गल्लीच अशा आयांची होती: अहमदपूरच्या, निलंग्याच्या, कुठकुठच्या. दीपमालाला एका टेस्टमध्ये एकाएकी भरघोस मार्क पडले आणि गल्लीत काहीतरी कुजबुज सुरू झाली. मी दुर्लक्ष केलं.

मोठ्या टेस्टच्या दिवशी सकाळी क्लासवर गेलो, तर गेटबाहेर आयाच आया. पोरं आत निघालेली, आणि बाहेर सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक गुणगुणाट. मी जवळ गेलो.

"ह्रम सात, क्लम सात, स्वह हाश."

खरं सांगतो, आधी भीती नाही वाटली. अंगावर काटा आला. इतक्या बाया, इतक्या गावांच्या, एका सुरात, आणि म्हणतायत काय तर आमच्या फोल्डरचा पासवर्ड. ज्या पेपरासाठी त्या देवाला साकडं घालत होत्या, त्याच पेपराची किल्ली त्यांच्या ओठांवर होती, आणि एकीलाही ते ठाऊक नव्हतं. मी नकळत हात जोडले. (भीती त्यानंतर वाटली. ती मात्र पुरेशी वाटली.)

सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"रेणुकादास, आज आमच्या सौ. उमादेवी देवघरात काय म्हणत होत्या माहिती आहे?"

मी जमिनीकडं बघितलं.

"मी विचारलं, हे कुठलं? तर म्हणाल्या, तुमच्याच नावाचे एक महाराज आहेत म्हणे, लई जागृत. त्यांनी दिलेला गुरुमंत्र आहे." सर थांबले. "ते महाराज मी आहे, रेणुकादास."

"आईनं फोडला असेल, सर," मी म्हणालो. (असा पुत्र कोणाच्या पोटी येऊ नये.)

"चला, त्यांनाच विचारू."

सर घरात आले. मी सांगितलं, "आई, हे गुरुपादप्पा सर." आई पाटावरून उठली आणि सरळ खाली वाकून तिनं सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. सर दोन्ही हात वर करून भिंतीला टेकले.

"माय, उठा. एवढंच सांगा, मंत्र कोणाला सांगितलात?"

आईनं त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की मलाच लाज वाटली. "गुरुमंत्र सांगायचा असतोय का? मनातल्या मनात म्हणते मी. माझ्या सुनेलासुद्धा सांगितला नाही."

"मला तर माहीतच नाही," राजश्री म्हणाली.

मागच्या दारात केवळाबाई उभ्या होत्या. "आजीवर आळ नका घेऊ, सर. आमची चूल न्हाणीच्या भिंतीला लागून हाय. हे दादा रोज सकाळी न्हाताना लई जोरात म्हणतेत. आजीबी तेच पुटपुटायल्या. कोणाचं हाय इचारलं, तर 'गुरुपादप्पांचं' एवढंच म्हणाल्या, म्हून म्या पाठ केला. दीपमालाला मार्क पडले, मग बाकीच्या बायांना सांगितला. पुण्याचं काम हाय, लपवावं कशाला?"

राजश्रीनं चहा टाकायला जाणं पसंत केलं.

सर हळूच आईला म्हणाले, "गुडघ्याला खरंच फरक पडला?"

"तुमच्यासमोर वाकले की."

सरांनी नकळत आपल्या कमरेवर हात ठेवला. त्यांची कंबरदुखी जुनीच होती. माझी नोकरी बहुतेक त्या कमरेनं वाचवली.

इंजिनिअरनं नांदेडहून येऊन तपासलं. फोल्डर आमच्याशिवाय कोणीही उघडलं नव्हतं. अख्ख्या गल्लीला किल्ली पाठ होती. कुलूप आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. त्यानं पासवर्ड बदलला आणि नवा सरांच्या कानात सांगितला. माझ्या नाही.

आता रोज सकाळी सर माझ्या टेबलाशी येतात. मी उठून भिंतीकडं तोंड करून उभा राहतो, सर पासवर्ड टाकतात. त्या भिंतीवर आजवरच्या टॉपर पोरांचे फोटो आहेत. एवढ्या तेजस्वी चेहऱ्यांसमोर उभं राहिलं की माझे हात आपोआप जोडले जातात.

परवा निलंग्याकडचे एक पालक पोराचं नाव घालायला आले होते. त्यांनी माझी पाठ बघितली, टक्कल बघितलं, जोडलेले हात बघितले आणि हळू आवाजात सरांना विचारलं,

"सर, ह्यो रिपीटर किती वर्सापासून हाय तुमच्याकडं?"

सरांनी कीबोर्डवरून मान वर केली नाही.

"बरीच झाली," ते म्हणाले. "यंदाही अवघडच वाटतंय."