थेरेसाताईंकडे अडकलेली ताटं

"यंदाचा नाताळ असा करतो की थेरेसाताई जन्मभर आठवण काढतील!" दिनानाथ राऊतांनी जाहीर केलं, तेव्हा घरात कोणी मानसुद्धा वर केली नाही. नायगावच्या त्या चार मजली इमारतीचे ते सेक्रेटरी. अशा घोषणांची घरच्यांना सवय होती.

पण या वेळी कारण खरं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या थेरेसा तुस्कानो कोरोनामुळे घरात बंद होत्या. ताप साधाच, पण दाराला पट्टी लागलेली आणि घरात दुसरं माणूस नाही. मुलगी विनी दोहाला अडकलेली. तिने फोनवर रडत विचारलं होतं, "काका, आई नाताळला एकटी नाही ना राहणार?" दिनानाथनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता. फोनवर छाती दिसत नाही, हे त्यांना मागाहून सुचलं!

दरवर्षी नाताळला थेरेसाताई बाराही बिऱ्हाडांना फराळाचं ताट पाठवायच्या. यंदा उलट करायचं! दिनानाथनी ग्रुपवर लिहिलं, 'थेरेसाताईंना ताट पाठवावे.' कोणी, कधी, काही नाही. घोटाळा झाला तो इथेच.

प्रत्येकाला वाटलं, हे आपल्यालाच सांगितलंय! सकाळी बारा ताटं पोहे, दुपारी बारा ताटं जेवण, संध्याकाळी पुन्हा बारा. थेरेसाताईंच्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सुटायची, भरून वर जायची आणि मोकळी खाली यायची. चार दिवसांनी इमारतीतल्या मांडण्या ओक्याबोक्या झाल्या, तेव्हा दिनानाथ अंगणात उभे राहून ओरडले,

"थेरेसाताई, ताटं सोडा की खाली!"

"भरू काय त्यात? गॅसपुढे उभं राहवत नाही मला. आणि रिकामं ताट आमच्या घरातून आजवर गेलेलं नाही, दिनानाथभाऊ."

"यंदा चालतं हो!"

"कोणाला चालतं?"

बाईंच्या अंगात ताप, आवाजाला कंप, आणि हट्ट मात्र काडीभरही हलायला तयार नाही! राग यायच्या ऐवजी त्यांना कौतुकच वाटलं.

इमारतीला मात्र कौतुक करायला सवड नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या आशालताबाई नवऱ्याला पोळपाटावर भाजी वाढू लागल्या. चौथ्या मजल्यावरच्या मितेशने कुकरच्या झाकणात वरणभात घेतला, तर वरण शिट्टीच्या भोकातून थेट मांडीवर! लॉकडाऊनपासून लेकीकडे राहिलेल्या दिनानाथच्या सासूबाई, नंदाखाल गावच्या चंद्रकांता नाईक, सगळ्यांत संतापल्या. "लग्नात मी नाव घालून दिलेलं ताट, जावईबापू! आणि मी जेवू कशात?" दिनानाथनी कुठून तरी केळीची पानं पैदा केली.

मग त्यांच्या डोक्यात दुसरी कल्पना आली. थेरेसाताईंकडे भरायला काही नाही ना? मग आपणच देऊ! सगळ्यांनी वाट्यांतून, डब्यांतून लाडू-चिवडा वर पाठवला. तासाभराने दिनानाथ हौसेने ओरडले, "आता येऊ द्या ताटं!"

"तुमचाच लाडू तुमच्याच ताटात घालू?" वरून उत्तर आलं. "ते काय माझं देणं झालं? आणि आता हे डबे कसे रिकामे पाठवू?"

दिनानाथ मट्कन पायरीवर बसले. ताटं गेली होतीच, आता वाट्या आणि डबेही गेले! मितेशने ग्रुपवर लिहिलं, 'काका, आता पातेली पाठवू का?'

चोवीस तारीख उजाडली. रात्रीची संचारबंदी, म्हणून नाताळची प्रार्थना, मिस्सा, संध्याकाळी सातलाच होती. चर्चमध्ये मोजकी माणसं, बाकीच्यांनी मोबाइलवर बघायची. दिनानाथनी गणपतीचा स्पीकर काढून अंगणात मांडला आणि आपला फोन त्याला जोडला. निदान हे तरी धड व्हावं! मास्क लावून सगळी बिऱ्हाडं गॅलऱ्यांत उभी राहिली. वर खिडकीत थेरेसाताई, ठेवणीतली साडी नेसून.

गाणी झाली. मग फादर म्हणाले, "देवाघरी गेलेल्यांसाठी प्रार्थना करू या. गंगाराम पाटील. सुलोचना सावे. अनंत जोगळे."

मितेश दचकला. गंगाराम म्हणजे त्याचे आजोबा! सुलोचनाबाई पहिल्या मजल्यावरच्या, जाऊन कैक वर्षं झालेल्या. एकेका घरातली नावं येत गेली आणि कोणाला काही कळेना. आशालताबाईंच्या ध्यानात पहिल्यांदा आलं. "अहो, ही आपल्या ताटांवरची नावं!"

आठवणीसाठी वाटलेली, आहेरात आलेली, नाव कोरलेली ताटं. थेरेसाताईंनी चष्मा लावून, एकेक ताट घासताना ते नाव वाचलं होतं, लिहून फादरना पाठवलं होतं. वर्षानुवर्षं कोणी उच्चारली नव्हती ती नावं, आणि त्यांच्यावर आपण रोज आमटी ओतत होतो! कोणी मास्कच्या आत हुंदका दिला. सेक्रेटरी म्हणून दिनानाथनी पंचवीस कार्यक्रम केले होते, पण अशी शांतता त्यांना एकदाही जमली नव्हती.

तेवढ्यात नेट अडकलं. त्या शांततेत थेरेसाताई वरून म्हणाल्या, "दिनानाथभाऊ, उद्या सोडते ताटं. आता रिकामी नाहीत."

दिनानाथनी हात जोडले. मग नेट सुरू झालं.

"...आणि चंद्रकांता नाईक, यांच्या आत्म्यांना शांती लाभो."

अख्खी इमारत राऊतांच्या गॅलरीकडे वळली. तिथे चंद्रकांताबाई खुर्चीत धडधाकट बसल्या होत्या!

"अगो बाई!" थेरेसाताईंनी जीभ चावली. "पहिल्या ताटावर 'स्मरणार्थ' होतं. मला वाटलं, सगळीच माणसं गेलेली! सासूबाईंचं नाव कुठे ठाऊक मला!" आणि त्या हसू लागल्या, दहा दिवसांत पहिल्यांदा, खिडकीचा गज धरून. मितेशने ते हसू दोहातल्या विनीला दाखवायला पटकन आपला फोन लावला.

दिनानाथ शरमून स्पीकर बंद करायला जिन्याकडे धावले. सासूबाईंनी शर्ट धरून मागे ओढलं.

"हात लावाल तर बघा, जावईबापू! पन्नास माणसं माझ्यासाठी हात जोडून उभी आहेत. जिवंतपणी एकदा डोळे भरून बघू तरी द्या!"

आणि त्या संध्याकाळी नायगावात सगळ्यांत खणखणीत 'आमेन' म्हणाल्या त्या चंद्रकांताबाई.